मूमिनांच्या घराचा पत्ता

दक्षिण हेलसिंकीत उल्लानलिन्नानकातू नावाचा एक रस्ता आहे. तिथल्या १ क्रमांकाच्या उंच इमारतीच्या अगदी वरच्या भागात मोठाल्या कमानदार खिडक्या दिसतात. त्या बघायच्या तर समोरच्या फुटपाथवर जाऊन मान पूर्ण मागे टाकावी लागते. मूमिनांच्या गोष्टी लिहिणारी चित्रकार टूवे यान्सन १९४४ मध्ये त्या खिडक्यांमागे आली आणि २००१ मध्ये तिचा मृत्यू झाला तोवर तो स्टुडिओ तिने सोडला नाही. खाली भिंतीवर तिच्या नावाची पाटी आहे. मी गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता, उजेड तिरपा झाला होता आणि वरच्या काचा पेटल्यासारख्या चमकत होत्या.

त्या काचांकडे मी बराच वेळ बघत राहिले, कारण टूवे इथे राहायला आली तेव्हा त्या फुटलेल्या होत्या. १९४४ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत विमानांनी तीन रात्री हेलसिंकीवर प्रचंड बॉम्बफेक केली होती. शहरभर खिडक्यांच्या काचा उडाल्या. कोळसा नव्हता, लाकूडही जपून जाळावं लागे. अशा दिवसांत तिशीतल्या एका चित्रकार बाईने फुटक्या खिडक्यांची, उंच छताची, थंडगार जागा भाड्याने घेतली, कारण तिला काम करायला स्वतःचा उजेड हवा होता. तिचं पहिलं मूमिन पुस्तक १९४५ मध्ये बाहेर पडलं.

माझी भाची हेलसिंकीला लागूनच असलेल्या एस्पूमध्ये नोकरीला आहे. तिच्याकडेच मी उतरले होते. तिच्या घरी चहाच्या कपांवर मूमिन, टॉवेलवर मूमिन, फ्रिजच्या दारावरही मूमिन. फिनलंडमध्ये घर केलं की ही पांढरी, गोलमटोल, मोठ्या नाकाची मंडळी आपोआप घरात येतात. मी एवढ्या लांब टूवेच्या जागा बघायला आले आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "मावशी, पण ती तर लहान मुलांची पुस्तकं ना?"

तिला तेव्हा दिलेलं उत्तर अपुरं होतं. खरं उत्तर मला पुढच्या दिवसांत हेलसिंकी, ताम्पेरे आणि पेल्लिंकीची बेटं फिरताना सापडत गेलं. मूमिन जिथे राहतात ती दरी टूवेने हवेतून काढलेली नाही. ती युद्धाने, वडिलांनी, लपवून ठेवाव्या लागलेल्या प्रेमाने आणि समुद्राने घडवली. आयुष्यात ज्याची ज्याची भीती वाटली, त्या प्रत्येक गोष्टीला टूवेने त्या दरीत शरीर दिलं, नाव दिलं आणि राहायला जागाही दिली. कल्पित साहित्य म्हणजे पळवाट, असं मानणाऱ्या प्रत्येकाने एकदा या बाईच्या मागोमाग चालून बघावं.

सुरुवात कातायानोक्का या भागापासून करायला हवी. ट्रामने उस्पेन्स्की कथीड्रलच्या लाल विटांना वळसा घातला की हे जुनं, सुंदर घरांचं द्वीपकल्प लागतं. इथल्या लुओत्सिकातू ४ या घरात टूवेचं बालपण गेलं. जन्म ९ ऑगस्ट १९१४ चा, म्हणजे पहिलं महायुद्ध पेटलं त्याच उन्हाळ्यातला. वडील व्हिक्टर यान्सन शिल्पकार. आई सिग्ने हॅमर्स्टेन मूळची स्वीडनची, एका धर्मोपदेशकाची मुलगी, रेखाटनकार. घरात स्वीडिश बोलली जायची. फिनलंडमध्ये राहून स्वीडिश बोलणाऱ्या छोट्या समाजातलं हे कुटुंब. टूवेने सगळं लेखन त्याच भाषेत केलं. जवळच्याच एका उद्यानाला आता तिचं नाव दिलेलं आहे. मी गेले तेव्हा त्या टेकाडावरून मुलं सायकली पळवत होती.

घर म्हणजेच स्टुडिओ होता. माती, प्लास्टर, अर्धवट पुतळे आणि त्यांच्यामध्ये वाढणारी मुलं. व्हिक्टरने पोप्पोलिनो नावाचं माकडही पाळलं होतं. रात्री त्याचे कलावंत मित्र जमत, गाणी होत, बालालाइका वाजे. आई मात्र टेबलाशी वाकून काम करत असे. शिल्पं रोज विकली जात नव्हती, घर तिच्या रेखाटनांवर चालत होतं. तिने फिनलंडच्या टपाल तिकिटांची शेकडो चित्रं काढली, पुस्तकांची मुखपृष्ठं केली, व्यंगचित्रं काढली. मूमिनमाम्मा तिच्यावरून आली हे टूवेने कधी लपवलं नाही. कुणीही दारात आलं तरी जास्तीचं ताट मांडणारी, हातातली पर्स कधी न सोडणारी ती आई.

वडिलांचं मात्र एवढं सरळ नाही. १९१८ मध्ये फिनलंडमध्ये यादवी युद्ध झालं. व्हिक्टर 'पांढऱ्यां'च्या, म्हणजे समाजवादी 'लालां'च्या विरोधातल्या, बाजूने लढला आणि घरी परतला तो बदलून. हसरा माणूस कडवा झाला. पण वादळ आलं की त्याच्यात जीव येई. टूवेने 'स्कल्प्टर्स डॉटर' या १९६८ च्या आठवणींच्या पुस्तकात हे फार प्रेमाने लिहिलं आहे. समुद्र खवळला की बाबा खुश, सगळ्यांना घेऊन बाहेर. शांत, सुरक्षित दिवसांत घुसमटणारा आणि संकटात उमलणारा हा बाप पुढे टोपी घालून मूमिनपाप्पा झाला. आपल्या घराण्यातही असे पुरुष असतात. त्यांच्यावर प्रेम करणं सोपं नसतं आणि त्यांच्यावर खरं लिहिणं तर त्याहून अवघड. टूवेला ते करायला तिची पन्नाशी उजाडावी लागली. त्याबद्दल पुढे बोलेन.

कायसानिएमी उद्यानात व्हिक्टरचं 'कॉन्व्होल्व्युलस' हे शिल्प उभं आहे. तरुण मुलीच्या या शिल्पासाठी वडिलांनी मुलीलाच समोर उभं केलं होतं. मी तिथे थोडाच वेळ थांबले, पण ते मनातून गेलं नाही. ज्या हातांनी तिला इतक्या हळुवारपणे घडवलं, त्याच बापाशी पुढे युद्धाच्या काळात जेवणाच्या टेबलावर तिचे कडाक्याचे वाद झाले. बाप जर्मनीच्या बाजूचा, ज्यूंविषयी कडवट बोलणारा. टूवेचे मित्र डावे, त्यांत ज्यूही. जिवाभावाची मैत्रीण एव्हा कोनिकोफ १९४१ मध्ये अमेरिकेला निघून गेली. तिला लिहिलेल्या पत्रांत टूवे मन मोकळं करत असे. आपल्याला लग्न करायचं नाही, पुढच्या एखाद्या युद्धात मारली जातील अशी मुलं जन्माला घालायची नाहीत, हे तिने त्या काळातच ठरवून टाकलं होतं. धाकटा भाऊ पेर ऊलोफ आघाडीवर होता आणि घरी सगळे त्याच्या पत्राची वाट बघत बसलेले असत.

या सगळ्या काळात ती काय करत होती? 'गार्म' नावाच्या स्वीडिश भाषेतल्या व्यंगपत्रात चित्रं काढत होती. अगदी किशोरवयापासून, १९२९ पासून. आईही तिथेच काढायची. १९३८ मध्ये म्युनिक करार झाला तेव्हा टूवेने मुखपृष्ठावर हिटलरला रडणारं, हट्टी, अजून केक हवा म्हणून भोकाड पसरणारं पोर केलं, आणि आजूबाजूचे देश त्याला केकचे तुकडे पुढे करत आहेत. तेव्हा ती जेमतेम चोवीस वर्षांची होती, आणि घरात वडील जर्मनीचे चाहते. हे चित्र मी छापील पुनर्मुद्रणात आधी पाहिलं होतं, पण ते काढणारी मुलगी कोणत्या घरात जेवायला बसायची हे कातायानोक्काच्या त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं. अशा धाडसाची किंमत घरातल्या रोजच्या शांततेने चुकवावी लागते.

'गार्म'मधल्या चित्रांच्या कोपऱ्यात, तिच्या सहीजवळ, एक छोटा प्राणी दिसू लागला. लांब नाकाचा, जरा रागीट. तोच मूमिनांचा पूर्वज. त्याचा जन्म सांगणाऱ्या दोन हकीकती आहेत आणि मला दोन्ही आवडतात. टूवे स्टॉकहोममध्ये शिकत असताना मामाकडे राहायची. रात्री स्वयंपाकघरात जाऊन खाणं पळवू नये म्हणून मामाने तिला सांगितलं की चुलीमागे मूमिनट्रोल राहतो, तो मानेवर थंड फुंकर मारतो. दुसरी हकीकत उन्हाळ्यातल्या बेटावरची. भावाशी इमॅन्युएल कान्टवरून वाद झाला, त्यात हरल्यावर तिने शौचालयाच्या लाकडी भिंतीवर जमेल तितका कुरूप प्राणी काढला आणि त्याला कान्ट म्हटलं. म्हणजे हा जीव मुळात प्रेमळ नव्हता. तो भीतीतून आणि रागातून आला. त्याला गोल आणि मऊ केलं ते युद्धाने.

१९३९ च्या नोव्हेंबरअखेर सोव्हिएत युनियनने फिनलंडवर हल्ला केला. त्या हिवाळ्यात टूवेला चित्र काढावंसं वाटेना, रंगांना काही अर्थच उरला नाही असं झालं. तेव्हा तिने एक गोष्ट लिहायला घेतली. राजकन्या नकोत, राजपुत्र नकोत. तिने आपल्या सहीजवळचा तो चिडका प्राणी घेतला आणि त्याला आई दिली. गोष्ट अर्धवट राहिली ती युद्ध संपेपर्यंत.

'द मूमिन्स अँड द ग्रेट फ्लड' हे ते पुस्तक. अगदी बारीकसं. मूमिनमाम्मा आणि तिचा मुलगा मूमिनट्रोल अंधाऱ्या जंगलातून चाललेत. बाप कुठेतरी निघून गेलाय, त्याला शोधायचंय आणि हिवाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवंय. मग पूर येतो. घरं वाहून जातात, लहानमोठे जीव झाडांच्या शेंड्यांवर सामानासकट अडकून बसतात. हे लिहिलं जात होतं तेव्हा फिनलंडमध्ये कारेलिया प्रांत सोडून आलेले चार लाखांहून जास्त लोक घरं शोधत होते. घोडागाड्या, गाठोडी, गुरं, मुलं. किती घरांतले पुरुष परतलेच नाहीत. टूवेच्या मूमिनपाप्पाने मात्र एक घर बांधून ठेवलेलं असतं, उंच, गोल, निळं. पुरात ते वाहत वाहत एका दरीत येऊन टेकतं. तीच मूमिनांची दरी. जगप्रसिद्ध झालेल्या त्या सुखी दरीचा पाया पुरात वाहून आलेल्या घरावर आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, 'कॉमेट इन मूमिनलँड' आलं. आकाश लाल होतं, समुद्र आटतो, सगळे जण आपलं सामान घेऊन पळत सुटतात. हिरोशिमाला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

त्या पुस्तकात हिरवी टोपी घातलेला, तंबू आणि माउथऑर्गन एवढाच संसार असलेला स्नफकिन पहिल्यांदा येतो. त्याच्यात आतोस व्हिर्तानेन आहे. पत्रकार, खासदार, तत्त्वज्ञानात रमणारा हा माणूस टूवेचा तेव्हाचा जोडीदार होता. तो सतत कुठेतरी जाणारा आणि ती वाट बघणारी. मूमिनट्रोल दर शरद ऋतूत पुलावर उभा राहून स्नफकिनला निरोप देतो, त्यात हे सगळं आलंच.

हेलसिंकीच्या कलासंग्रहालयात टूवेची दोन मोठी भित्तिचित्रं आहेत. ती १९४७ मध्ये तिने हेलसिंकीच्या नगरभवनातल्या उपाहारगृहासाठी केली होती. एक शहरातल्या मेजवानीचं, एक खेड्यातल्या. मी शहरातल्या मेजवानीसमोरच्या बाकावर बसले. युद्ध संपलंय, बायकांनी झुळझुळीत कपडे घातलेत, मधोमध एक तरुणी एका पुरुषाबरोबर नाचतेय. पुढे टेबलाशी, नाचणाऱ्यांकडे पाठ करून, एक बाई बसली आहे. ती टूवे. नाचणारी आहे व्हिव्हिका बांडलर, नाट्यदिग्दर्शिका, आणि टूवे तिच्या प्रेमात आकंठ बुडालेली होती. टूवेच्या हाताशी, ग्लासजवळ, एक इवलासा मूमिन आहे. तो शोधायला लोक चित्राच्या अगदी जवळ जातात. शाळेच्या सहलीला आलेली मुलंही तेच करत होती.

फिनलंडमध्ये दोन स्त्रियांचं किंवा दोन पुरुषांचं प्रेम १९७१ पर्यंत गुन्हा होता. नगरभवनाच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, टूवेने आपलं प्रेम रंगवलं आणि त्याकडे पाठ करून स्वतःला बसवलं. हे बघितल्यावर 'फिन फॅमिली मूमिनट्रोल' हे १९४८ चं पुस्तक मी त्याच संध्याकाळी पुन्हा उघडलं. त्यात हातात हात घालून फिरणारे दोन चिमुकले जीव येतात. मूळ स्वीडिशमध्ये त्यांची नावं तोफ्स्लान आणि विफ्स्लान, टूवे आणि व्हिव्हिकाच्या नावांवरूनच केलेली. ते स्वतःच्याच भाषेत बोलतात. त्यांच्याजवळ एक पेटी आहे आणि पेटीत काय आहे ते कुणाला दाखवत नाहीत. मागे लागलेली आहे ग्रोक, ती जिथे बसते तिथली जमीन गोठून जाते. शेवटी पेटी उघडते. आत एक प्रचंड माणिक असतं, त्याच्या उजेडाने सगळी बाग न्हाऊन निघते. लहान मुलाला यात चोरी, खजिना आणि जादू दिसते आणि ती तिथे आहेच. पण कायद्याने गुन्हा ठरवलेलं प्रेम आयुष्यातली सर्वांत तेजस्वी वस्तू म्हणून मुलांच्या पुस्तकात ठेवायचं, यासाठी लागणारं मन मला नतमस्तक करतं. व्हिव्हिकाबरोबरचं प्रेम टिकलं नाही, मैत्री मात्र जन्मभर राहिली.

ताम्पेरे हेलसिंकीहून आगगाडीने दोनेक तासांवर. तिथे २०१७ पासून मूमिन संग्रहालय आहे. १९८६ मध्ये टूवेने आपली शेकडो मूळ चित्रं ताम्पेरेच्या कलासंग्रहालयाला दिली, त्यांतलीच इथे मांडलेली असतात. आत अंधार ठेवलेला असतो, कारण कागदाला उजेड सोसत नाही. चित्रं इतकी लहान असतील असं मला वाटलं नव्हतं. तळहाताएवढ्या कागदावर काळ्या शाईच्या बारीक रेघा, हजारो. मूमिनांच्या पुस्तकातला अंधार या रेघांनी विणलेला आहे आणि त्यात पांढरा मूमिन म्हणजे रेघ न मारता सोडलेली जागा. मधल्या दालनात एक उंच निळं मूमिनघर आहे, टूवे, तिची जोडीदार तूलिक्की पिएतिला (तिच्याबद्दल पुढे येईलच) आणि मित्र पेन्त्ती एइस्तोला यांनी मिळून हौसेने केलेलं. एकेक खिडकी, एकेक बरणी. त्याच्याभोवती मोठी माणसंच जास्त वेळ रेंगाळत होती.

१९५४ पासून लंडनच्या 'इव्हिनिंग न्यूज'मध्ये मूमिनांची चित्रमालिका रोज येऊ लागली. ती जगभरच्या वर्तमानपत्रांत पसरली. पैसा आला, पण आठवड्याला सहा पट्ट्या, पत्रांचे ढीग, बाहुल्या, साबण, कापड. चित्रकार व्हायला निघालेल्या बाईला चित्र काढायला वेळ उरेना. ज्या प्राण्यांनी तिला युद्धातून तारलं, तेच आता तिचा गळा आवळू लागले. शेवटी १९५९ च्या सुमारास तिने मालिकेचं काम सोडलं आणि धाकटा भाऊ लार्सने ते १९७५ पर्यंत चालवलं.

या घुसमटीत दोन गोष्टी घडल्या. १९५५ च्या नाताळच्या मेजवानीत तूलिक्की पिएतिला भेटली. मुद्राचित्रकार, शांत, हाताने काहीही दुरुस्त करू शकणारी. पुढची पंचेचाळीस वर्षं दोघी एकत्र होत्या. हेलसिंकीत दोघींचे स्टुडिओ वेगळे, पण शेजारच्या इमारतींमध्ये, आणि माळ्यावरच्या बोळातून एकमेकींकडे जायची वाट. आणि १९५७ मध्ये 'मूमिनलँड मिडविंटर' आलं.

माझ्या मते हे टूवेचं सर्वांत मोठं पुस्तक. मूमिन थंडीत झोपतात, पोटात पाईनच्या सुया भरून, वसंतापर्यंत. या वेळी मूमिनट्रोल मध्येच जागा होतो आणि पुन्हा झोप येत नाही. आई झोपलेली. तिला हलवतो, ती उठत नाही. बाहेर सूर्य नाही, ओळखीचं काही नाही, बर्फ म्हणजे काय तेही त्याला माहीत नाही. त्याला भेटते टू-टिकी. नाहण्याच्या कोठीत राहणारी, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर घातलेली, धीराची. ती त्याचं सांत्वन करत नाही. बर्फाला घाबरायचं की नाही हे तिने सांगायचं नसतं, त्याने बघायचं असतं. एक खार थंडीने मरते, तेही पुस्तकात येतं. टू-टिकी ही तूलिक्की आहे. प्रसिद्धीच्या कडाक्यात एकट्या जाग्या राहिलेल्या टूवेला तिने हिवाळ्यात कसं जगायचं ते दाखवलं आणि टूवेने ते जगभरच्या मुलांना दाखवलं.

माझ्या भाचीला मी हे पुस्तक ताम्पेरेहून परत येताना गाडीत वाचायला दिलं. पहिला हिवाळा तिने एस्पूमध्ये एकटीने काढला होता. दुपारी तीनला काळोख, ऑफिसातून परतल्यावर बोलायला कुणी नाही. हेलसिंकी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "हे मला तेव्हा हवं होतं."

पेल्लिंकी हेलसिंकीच्या पूर्वेला, पोर्वोच्या पुढे. रस्ता समुद्रापाशी संपतो, मग दोरखंडावर चालणारी छोटी फेरी बोट, आणि पलीकडे बेटांचा गुंता. टूवेच्या लहानपणापासून यान्सन मंडळींचे उन्हाळे इथेच गेले. आम्ही एका कोळ्याच्या मोटरबोटीतून बाहेरच्या समुद्राकडे निघालो. आधी झाडं असलेली बेटं, लाल रंगाची लाकडी घरं, रोवनच्या झाडांना लाल फळांचे घोस. मग झाडं खुजी होत गेली. मग झाडंच संपली आणि राहिले ते पाण्यातून वर आलेले हत्तींच्या पाठींसारखे ग्रॅनाइटचे खडक. नावाडी बोट हळू करून म्हणाला, "क्लोव्हहारू."

मधून चिरल्यासारखं एक उघडं बेट, चिरेत शिरलेलं पाणी आणि वर एक करड्या लाकडाची एका खोलीची झोपडी. चारही बाजूंना एकेक खिडकी, म्हणजे कुठल्याही दिशेने येणारं वादळ दिसावं. टूवेला लहानपणी जवळच्याच कुम्मेलश्कार बेटावर दीपगृहाची राखणदार व्हायचं होतं. ते बेट मिळालं नाही, म्हणून हे. १९६४ मध्ये तिने आणि तूलिक्कीने इथे सुरुंग लावून मोठा खडक फोडला आणि परवान्याची वाट न बघता घर उभारायला घेतलं. वीज नाही, नळ नाही. पाहुणे आले की त्यांना झोपडी आणि या दोघी तंबूत. त्यांच्या बोटीचं नाव होतं 'व्हिक्टोरिया', कारण दोघींच्याही वडिलांचं नाव व्हिक्टर. वसंतापासून शरदापर्यंत त्या इथे राहत, जवळजवळ तीस उन्हाळे.

आमची बोट त्या खडकाला वळसा घालत होती, वारा पश्चिमेकडून होता आणि लाटा बोटीच्या पुढच्या भागावर थाडथाड आदळत होत्या. मला तिथे 'मूमिनपाप्पा ॲट सी' आठवत होतं. व्हिक्टर १९५८ मध्ये गेला. हे पुस्तक १९६५ चं, म्हणजे घर उभं राहत होतं तेव्हाचं. त्यात मूमिनपाप्पाला सुखी दरीत आपली कुणाला गरजच नाही असं वाटू लागतं. मग तो अख्खं कुटुंब उचलून समुद्रातल्या एका उजाड बेटावरच्या दीपगृहात नेतो. दिवा पेटत नाही. जमिनीत काही उगवत नाही. आई, जिने कधी तक्रार केली नाही ती आई, दीपगृहाच्या भिंतीवर आपली सोडून आलेली बाग रंगवू लागते आणि एके दिवशी त्या चित्रातल्या झाडामागे जाऊन लपते. मुलांच्या पुस्तकात आईचं एकटेपण इतक्या थेटपणे आलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि बाप समुद्र समजून घ्यायचा प्रयत्न करतो, वहीत नोंदी करतो, हरतो, रागावतो. वादळात हसणारा, घरात घुसमटणारा व्हिक्टर इथे पूर्ण माणूस होतो. मुलगी त्याच्याशी भांडून झाली होती, त्याला पुरून झाली होती, आणि आता स्वतःच एका खडकावर घर बांधत होती. तिचं समुद्राचं वेड त्याच्याकडूनच आलेलं. त्याला समजून घेण्याची जागा तिला त्याच्याच वेडात सापडली.

आणि ग्रोक. तीही त्या बेटापर्यंत त्यांच्या कंदिलाच्या मागे समुद्र गोठवत येते. मूमिनट्रोल रोज रात्री तिच्यासाठी कंदील घेऊन किनाऱ्यावर जातो, भीत भीत. एक दिवस रॉकेल संपतं. तरी तो जातो, रिकाम्या हाताने. आणि त्याला बघून ग्रोक आनंदाने नाचू लागते. तिला उजेड नको होता, आपल्याला बघून कुणाला तरी बरं वाटावं एवढंच हवं होतं. ती गेल्यावर वाळू गोठलेली नसते. युद्धानंतरच्या पुस्तकांत जिच्यापासून सगळे पळत होते, तिच्यापाशी जाऊन उभं राहायला टूवेला जवळजवळ वीस वर्षं लागली. एवढ्या काळात एखादी लेखिका आपल्याच भीतीकडे परत परत जाऊन तिला समजून घेते, हे बघताना मला तिच्याविषयी अपार आदर वाटतो.

१९७० च्या उन्हाळ्यात टूवेची आई गेली. त्याच वर्षी 'मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर' आलं. त्यात सगळे मूमिनांच्या घरी येतात आणि मूमिन घरी नसतात. पुस्तकभर ते येत नाहीत. तोफ्ट नावाचा एक पोरगा मूमिनमाम्माची वाट बघत बसतो. यानंतर टूवेने मूमिनांची एकही कादंबरी लिहिली नाही. दोन वर्षांनी 'द समर बुक' आलं, मोठ्यांसाठी. एक आजी, एक नात आणि एक बेट. आजी तिच्या आईवरून, नात भावाच्या मुलीवरून. आई पुन्हा एकदा बेटावर आली, या वेळी माणूस म्हणूनच.

एका उन्हाळ्यात टूवेला समुद्राची भीती वाटू लागली. लाटा म्हणजे आता मौज राहिली नव्हती. तेव्हा त्या दोघींनी सामान आवरलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लोव्हहारू कायमचं सोडलं. झोपडी स्थानिक संस्थेला दिली. बेटांवरून हेलसिंकीला परतल्यावर आम्ही हिएतानिएमीच्या दफनभूमीत गेलो. तिथे टूवे आईवडिलांच्या आणि लार्सच्या शेजारी आहे. थडग्यावर व्हिक्टरनेच घडवलेली लहान मुलाची मूर्ती आहे.

मूमिन वाचायचे असतील तर माझी एक विनंती आहे. कपबशीवरची चित्रं बाजूला ठेवा आणि 'फिन फॅमिली मूमिनट्रोल'पासून सुरुवात करा, ते मुलांबरोबर मोठ्याने वाचा. मग 'मूमिनलँड मिडविंटर'. 'मूमिनपाप्पा ॲट सी' मात्र घाईने मुलांच्या हाती देऊ नका. ते आधी स्वतः वाचा, आणि आपले आईवडील हयात असतील तर ते असतानाच वाचा.